मुलगी बुजरी आहे म्हणून लायब्ररी?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. (वनस्पतीशास्त्र) झाली, 62 टक्के. स्वभावाने बुजरी, चारचौघांत तोंड उघडत नाही. कंपनीत तिचा निभाव लागणार नाही. मुक्त विद्यापीठ नाशिकातच आहे, तिथून लायब्ररीचा कोर्स करून घ्यावा असं आम्ही ठरवलं आहे. शांत जागा, पुस्तकं द्यायची-घ्यायची, स्थळ बघतानाही बरं. ती मात्र ‘डेटाचं काहीतरी’ शिकायचं म्हणते. मागच्या वर्षी कॉलेजात वाळलेल्या पानांच्या याद्या कॉम्प्युटरवर करण्यात तिने सहा महिने घालवले. तिला कसं समजवावं?
– एक पालक, नाशिकरोड

उत्तर : 62 टक्क्यांची मला काळजी नाही. त्यामुळे फारसं काही अडत नाही. काळजी वाटली ती ‘आम्ही ठरवलं आहे’ या शब्दांची. एवढ्या पत्रात मुलीच्या म्हणण्याला जेमतेम एक ओळ, तीही ‘डेटाचं काहीतरी’ अशी उडवून लावलेली. नेमकं काय शिकायचंय, कुठे, कशासाठी, हे तिला विचारल्याचं कुठे दिसत नाही.

ती बुजरी आहे की घरात गप्प राहणं तिला सोयीचं पडतं, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. मी तिला भेटलेले नाही. पण पदवीधर मुलीचा कोर्स ठरवताना ‘स्थळ बघतानाही बरं’ हे कारण उघडपणे मांडलं जात असेल, तर ती बोलणार काय आणि कुणाशी? लग्नाचं तुम्ही दोघं-तिघं बसून बघा. कोर्सच्या हिशेबात ते धरू नका.

आता त्या शांत जागेबद्दल. तुमच्या डोळ्यांसमोर काउंटर, शिक्का मारायची तारीख आणि कार्डांचे लाकडी खण असावेत. कॉलेजच्या आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयांतून ते काम केव्हाच मागे पडत गेलं. देवघेव बारकोडवर होते, काही ठिकाणी पुस्तकात चिकटवलेल्या आरएफआयडी चिपवर. उरलेल्या वेळात ग्रंथपाल काय करतो? तर बोलतो! घरून लॉगिन होत नाही म्हणून संशोधक फोन करतो, त्याला पायरी-पायरीने सांगतो. 1 जानेवारी 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे 13 हजार नियतकालिकं खुली झाली, ती शोधायची कशी, हे प्राध्यापकांना वर्ग घेऊन शिकवतो. प्रबंधातल्या मजकुराच्या साम्याचा अहवाल काढतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. त्याच्यावर आकडा गेला की चिडलेला विद्यार्थी आणि त्याहून चिडलेले गाइड समोर येऊन बसतात, त्यांना एकेक उतारा दाखवून समजावतो. प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढवायचे, नॅक ही संस्था कॉलेजचं मूल्यांकन करणार म्हटलं की ग्रंथालयाच्या वापराचे आकडे काढून द्यायचे, तेही त्याच्याकडेच. चारचौघांत तोंड उघडावं लागू नये म्हणून तुम्ही मुलीला नेमकं अशा टेबलाशी बसवायला निघाला आहात.

म्हणजे हा कोर्स तिच्यासाठी नाही, असं मी म्हणते का? नाही. कारण ती वाळलेली पानं. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ ती आहे आणि तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिलीत. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, प्रत्येक शीटवर एक चिठ्ठी असते : शास्त्रीय नाव, कुळ, कुठे मिळालं, कधी, कोणी गोळा केलं. जुन्या चिठ्ठ्यांची शाई उडालेली असते, अंजनेरीचं स्पेलिंग दर चिठ्ठीवर निराळं सापडू शकतं, वनस्पतीचं नावही मधल्या काळात बदललेलं असतं. हे सगळं एका शिस्तीत आणून, पुढच्या माणसाला शोधता येईल असं रकान्यांत बसवणं याला मेटाडेटाचं काम म्हणतात. ग्रंथालयांच्या डिजिटल संग्रहांत त्यासाठी डब्लिन कोअर ही 15 मूळ रकान्यांची पद्धत सर्रास वापरतात. वनस्पती-प्राण्यांच्या नमुन्यांसाठी डार्विन कोअर आहे. सहा महिने तुमची मुलगी ‘डेटाचं काहीतरी’च करत होती.

मराठी ग्रंथालयांत असं काम ढिगाने पडलंय. आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. कविता कुसुमाग्रजांच्या नावावर, नाटकं वि. वा. शिरवाडकरांच्या. कॅटलॉगमध्ये एक नाव टाकल्यावर दुसऱ्या नावाची पुस्तकंही आली पाहिजेत, आणि ती जोडणी कुणीतरी डोकं लावून केलेली असावी लागते. जिथे जुन्या नोंदी युनिकोडच्या (सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या अक्षर-संकेतांच्या) आधीच्या फॉन्टांत टाइप झाल्या, तिथे पुस्तक कपाटात असूनही शोधात येत नाही. नोंद नीट करणारा माणूस नसेल, तर स्कॅनिंगवर केलेला खर्च वाया जातो.

मार्ग सरळ आहे : बी.लिब. ही ग्रंथालयशास्त्राची पदवी, मग एम.लिब. 55 टक्क्यांनी, मग कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. मुक्त विद्यापीठात दोन्ही अभ्यासक्रम आहेत. पण ‘कायम नोकरी’ असं मनात धरू नका. कॉलेजात ग्रंथपालाचं पद सहसा एकच असतं, अनुदानित पदांची भरती रखडते, मधली वर्षं कंत्राटावर जाऊ शकतात. नुसती पदवी घेऊन बसणाऱ्याचे हाल होतात. ग्रंथालयाचा कारभार चालवणारं कोहा आणि डिजिटल संग्रह ठेवणारं डीस्पेस ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. ती तिने स्वतः बसवून, मोडून, पुन्हा बसवून शिकावीत आणि साठवलेल्या माहितीतून हवं ते शोधायची भाषा, एसक्यूएल, थोडी करावी. हे जमलं तर विद्यापीठांचे डिजिटल संग्रह, संग्रहालयं, जैवविविधतेचे प्रकल्प अशी दारंही ठोठावता येतील. ‘डेटा’च्या नावाखाली लाखभर फी उकळणाऱ्या क्लासची जाहिरात मात्र तिच्याही मनात असेल, तर तिलाही माझं हेच सांगणं : आधी हे फुकटचं करून बघ.

फी आत्ता कुठेच भरू नका. तिने त्या यादीची फाइल घेऊन आपल्या कॉलेजच्या ग्रंथपालांना भेटावं आणि त्यांच्याकडे आठवडाभर काम बघायची परवानगी मागावी. एकटीने जाऊ द्या, तुम्ही सोबत जाऊ नका. आठवड्यानंतर तिला काय वाटतं ते तिने मला लिहावं. पत्र तिच्या हातचं हवं.