हात उठण्याच्या आधीचं बघ

काल तू म्हणालास, "मी अजून कुणाला मारलेलं नाही, मग राग आवरायला शिकवणाऱ्या या गटात मी कशाला?" पहिल्या दिवशी मीही हेच म्हणालो होतो. हात उठतो तो शेवटचा क्षण. त्याआधी बरंच काही घडून गेलेलं असतं.

माझं सांगतो. आधी जबडा आवळतो, मग कान तापतात, मग डोक्यात एकच वाक्य फिरतं: "हा स्वतःला समजतो कोण?" ते ऐकू आलं की मी बाहेर पडतो. "थोड्या वेळाने बोलू" असं सांगून जायचं, दार आपटून नाही. धडधड शांत व्हायला पाच-दहा मिनिटं पुरत नाहीत, अर्धा तास धर. त्या वेळात भांडण मनात घोळवत बसलास तर उतरलेला राग परत चढतो. आणि उशीवर ठोसे मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. त्याने राग निवळत नाही, उलट भडकतो.

दारू पिऊन वाद घालायचा नाही. यावर चर्चा नाही.

सगळ्यात अवघड म्हणजे "त्याने मला भाग पाडलं" हे सोडणं. मला दोन वर्षं लागली. १९७५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीन हेवन तुरुंगात क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या) मंडळींनी अहिंसेची कार्यशाळा सुरू केली, ती कैद्यांनीच मागितली म्हणून. बदलाची सुरुवात आपल्यापासूनच करायची असते, हे मला फार उशिरा कळलं.

वही ठेव. वेळ, शरीरात काय झालं आणि डोक्यातलं वाक्य, एवढंच लिही. समोरच्याने काय केलं ते नको. पुढच्या वेळी घेऊन ये.