अर्क, ऋत की अनय? छोट्या नावाची पारख

प्रश्न असा आहे: आडनाव कदम, मुलासाठी दोन-तीन अक्षरी, सहसा कानावर न पडणारं नाव हवंय. अर्क, ऋत आणि अनय यांपैकी कोणतं ठेवावं?

अर्थ तिघांनाही आहे, पण याद्यांमधल्या अर्थांवर विसंबू नका. 'आरव' म्हणजे 'शांत' असं सर्रास छापलेलं दिसतं. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा. अनयचं तसंच आहे. अ + नय, म्हणजे नीतीचा अभाव, अन्याय. राधेच्या नवऱ्याचं नाव अनय असल्याचं आपल्याकडे परंपरेनं सांगतात, त्या आठवणीने कुणी ठेवलं तर हरकत नाही. एरवी मी ते बाद करेन.

'ऋत' हा वेदातला फार सुंदर शब्द. विश्वाचा नियम, सत्य. त्याच्या उलट ते अनृत. पण नाव नुसतं कधी उच्चारलं जात नाही, त्याला विभक्ती लागते. मराठीत ऋ आपण 'रु' असाच म्हणतो, त्यामुळे 'ऋतला' म्हटलं की ऐकणाऱ्याला 'रुतला' ऐकू येतं. ऋतला हाक मार, ऋतला जेवू घाल, दिवसातून पन्नास वेळा काटा रुतणार. रोमन लिपीत शेवटी 'ए' जोडलात तर ऋता होते, न जोडलात तर परका माणूस 'रट' वाचतो.

अर्क म्हणजे सूर्य. हे नाव चांगलं होतं, पण मराठीत 'मोठा अर्क आहे' हे इरसाल माणसाबद्दल म्हणतात, आणि ते शाळेत पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणणार. शिवाय आडनाव क-ने सुरू होतंय. 'अर्क कदम' भरभर म्हणून पाहा: दोन क एकमेकांत मिसळून 'अर्कदम' उरतं. जोशींच्या घरी तेज, मोऱ्यांच्या घरी ओम, तिथेही हीच अडचण.

छोट्या नावाची आणखी एक गोष्ट लक्षात येत नाही. 'यश', 'नील' लिहायला दोन अक्षरी, पण शेवटचा अ आपण उच्चारत नाही, म्हणून कानाला ते एकच अक्षर. लांबून हाक मारताना ते पोचत नाही, मग लोक आपोआप यशू, नील्या करतात. नाव आखूड ठेवावं तर ते असं लांबतं. शेवटी स्वर असेल किंवा जोडाक्षर असेल (पार्थ, रुद्र) तर शेवट ऐकू येतो.

म्हणून माझं मत 'अत्री'ला. सप्तर्षींपैकी एक, ऋग्वेदाचं पाचवं मंडल त्यांच्या कुळाचं. अनसूयेचे पती आणि दत्तात्रेयांचे वडील. 'आत्रेय' म्हणजेच अत्रींचा पुत्र. दत्त महाराष्ट्रात घरोघरी, तरी हे नाव मुलांना क्वचितच ठेवलेलं दिसतं. अत्रीला, अत्रीचा, अत्री कदम: कुठेही अडत नाही. 'अत्र्या' होईल, तेवढं चालायचंच.

लेखन मात्र नीट ठरवा. संस्कृतात अत्रि ऱ्हस्व. मराठीच्या लेखननियमांप्रमाणे सुटं व्यक्तिनाम दीर्घान्त, म्हणून अत्री. समासात पुन्हा ऱ्हस्व: अत्रिपुत्र. रोमन लिपीत शेवटी एकच 'आय' पुरे, आणि तेच स्पेलिंग सगळीकडे ठेवा. रोमनवरून आपोआप देवनागरी करणारे फॉर्म 'टी'चा ट करतात आणि कागदावर 'अट्री' उमटतं. सही करण्याआधी मराठी रकाना स्वतः वाचा. घाई नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव नंतरही घालता येतं. १२ महिन्यांपर्यंत त्याला शुल्क नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत मुभा आहे.