पालकसभा ऑनलाइन की शाळेत जाऊन?

लेक माध्यमिकला गेली की एकाच बाईंशी बोलून भागत नाही, प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक. म्हणून आधी ठरवा, नेमकं कुणाशी आणि काय बोलायचंय.

सगळं सुरळीत असेल, नुसती प्रगती विचारायची असेल तर खुशाल ऑनलाइन घ्या. रजा टाकावी लागत नाही, आईवडील दोघंही आपापल्या ठिकाणाहून बोलू शकतात. फक्त मुख्य प्रश्न अगदी सुरुवातीला विचारा. बऱ्याच शाळांच्या सिस्टीममध्ये वेळ संपली की कॉल आपोआप तुटतो, मग वाक्य अर्धं राहिलं तरी.

पण मार्क अचानक घसरलेत, मूल वर्गात गप्पगप्प असतं, कुणी त्रास देतंय अशी शंका आहे, तर शाळेतच जा. गणिताचा पेपर समोर असला की शिक्षक बोट ठेवून दाखवतात: रीत बरोबर आहे, तिसऱ्या ओळीत वजाचं चिन्ह सुटलंय. ‘कच्ची आहे’ आणि ‘घाई करते’ यातला फरक तिथे कळतो. नाजूक विषय मात्र रांगेत काढू नका, मागे उभे असलेले पालक ऐकतात. वेगळी वेळ मागून घ्या, शिक्षक सहसा देतात.

आणि मुलीला सोबत घ्याच, निदान थोडा वेळ. या वयात तिच्याबद्दल तिच्या पाठीमागे ठरवलेलं तिला अजिबात रुचत नाही. निघण्यापूर्वी शिक्षकांना विचारा, ‘पुढच्या महिन्यात घरी नेमकं काय करून घेऊ?’ उत्तर तिथल्या तिथे लिहून घ्या.