नागपूरहून कोलकात्याला मॅच बघायला जाताना (पहिल्यांदा जाणाऱ्या पोट्ट्यासाठी)

तू विचारलंस की आपल्या मुंबई सिटी फुटबॉल क्लबची मॅच कोलकात्यात मोहन बागानशी आहे, नागपूरहून एकटाच जातोय, पहिलीच अवे (दुसऱ्यांच्या मैदानावरची) मॅच, जर्सी घालू का नको आणि एका दिवसात जाऊन येणं जमेल का. दुसऱ्याचं आधी सांगतो, नाही जमत. मॅच साडेसातची असली तर साडेनऊला संपते, साठ हजार लोकांसोबत स्टेडियमबाहेर पडता पडता दहा वाजतात आणि तिथून हावड्याला जाऊन नागपूरकडची रात्रीची गाडी पकडणं भरवशाचं नाही. म्हणजे एक रात्र जाताना गाडीत, एक तिथे लॉजवर, एक येताना गाडीत. नव्वद मिनिटांसाठी तीन रात्री, हे घरी कसं सांगायचं ते तुझं तू बघ.

मी गेलो होतो २०२४ च्या एप्रिलमधे, आयएसएलच्या (देशातली फुटबॉल लीग) लीग शील्डची, म्हणजे साखळीत पहिलं येणाऱ्याच्या ट्रॉफीची, शेवटची मॅच, १५ तारीख, सोमवार. आपल्याला फक्त ड्रॉ पुरत होता, आपले ४७ पॉइंट, त्यांचे ४५. निघालो १४ ला संध्याकाळी गीतांजलीने, आणि १४ एप्रिलला नागपूर कसं असतं हे तुला सांगायला नको, संविधान चौक सगळा निळा, डीजे, गर्दी, ऑटोवाला स्टेशनला यायलाच तयार नाही, शेवटी बॅग पाठीला लावून पायी गेलो. अंगात सिटीची आकाशी जर्सी, रस्त्यात दोघातिघांनी जय भीम केला, मीही केला.

तू पण गीतांजलीच बघ. संध्याकाळी इथून बसायचं, गोंदियानंतर रायपूर, बिलासपूर झोपेत जातं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा, वेळेवर असली तर. उशीर धरूनच चाल, म्हणून मॅचच्याच दिवशी पोचणारी गाडी घेणं तसं रिस्कीच, मी घेतली आणि टाटानगरपासून घड्याळच बघत होतो. जमत असेल तर एक दिवस आधी पोच. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, पण मॅचची तारीख पक्की झाल्याशिवाय काढू नको, आपल्याकडे फिक्स्चर हलतं.

हावड्यावर उतरलास की सामान क्लोक रूमला टाक. बॅगेला कुलूप लागतं, नसलं तर घेत नाहीत, मी बाहेर जाऊन कुलूप विकत आणलं. स्टेडियमात पाण्याची बाटली, पॉवर बँक, मोठी बॅग काही नेऊ दिलं नाही, त्यामुळे मोबाईल आधी फुल चार्ज कर, परतीचं तिकीट त्यातच असतं. पुढे मेट्रो. माझ्या वेळेस हावडा ते एस्प्लनेड नदीखालून नुकतीच महिनाभरापूर्वी सुरू झाली होती, पण एस्प्लनेड ते सियालदा तुकडा बाकी होता म्हणून मधे बसने धक्के खाल्ले. आता ऑगस्ट २०२५ पासून हावड्याहून थेट सॉल्ट लेक स्टेडियम स्टेशनला उतरता येतं. शेवटची मेट्रो किती वाजता हे मात्र आधी बघून ठेव, आणि लॉज सॉल्ट लेककडेच घे, पैसे वाचवायला हावड्याजवळ घेतलं की रात्री टॅक्सीत तेवढेच जातात.

आता जर्सी. वेस्ट कोस्ट ब्रिगेडवाल्यांना (आपला मुंबईचा फॅन ग्रुप) आधी मेसेज कर, ते कुठल्या ब्लॉकला बसणार ते विचार आणि तिकीट तिथलंच काढ. तिथे बिनधास्त घाल. मी शहाणपणा केला, दिसेल ते स्वस्त तिकीट काढलं आणि थेट हिरव्या-मरून गर्दीत जाऊन पडलो. जर्सीवर साधा शर्ट चढवला, उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावून बसलेला माणूस सगळ्यांना कळतोच. बाजूच्या काकांनी पाच मिनिटांत विचारलं, मुंबई? मी म्हटलं नागपूर. खोटं तर नाही ना.

आवाजाचं काय सांगू. अंधेरीचं आपलं मैदान सात-आठ हजारांचं, कामठीत रब्बानी क्लबच्या मॅचला लोक कडेला दाटीवाटीने उभे राहतात तेवढाच मला गर्दीचा अनुभव. इथे साठ हजारांवर लोक एका दमात 'जॉय मोहन बागान' म्हणतात तेव्हा बुडाखालची खुर्ची थरथरते. १८८९ चा क्लब, १९११ ला गोऱ्या पलटणीला हरवून आयएफए शील्ड (ती वेगळी, जुनी स्पर्धा) आणलेली, आजोबा नातवाला घेऊन आलेले. आपला क्लब २०१४ चा, आपल्या क्लबचं वय त्यांच्या एका एका छत्रीएवढंही नाही असं काकाच म्हणाले, मला पटलं पण बोललो नाही.

२८ व्या मिनिटाला त्यांच्या लिस्टन कोलासोने गोल मारला. हाफटाइमला मी संत्रा बर्फीचा डबा काढला, काकांनी घेतली, मागच्या रांगेत फिरली, डबा रिकामा परत आला. ८० ला कमिंग्सने दुसरा. लोक नाचायला लागले, आणि ८९ व्या मिनिटाला आपल्या छांगतेने एक परत केला आणि मी उभा राहून ओरडलो, शर्टाची वरची दोन बटणं तुटून जर्सी दिसली. आजूबाजूचा आख्खा ब्लॉक गप्प, मी एकटा. फार तर दोन सेकंद. अजून एक गोल आला तर शील्ड आपली, हे मला कळत होतं तेवढंच त्यांनाही कळत होतं, तेव्हा माझ्याकडे बघायला कोणालाच वेळ नव्हता. मारामारी वगैरे काही नाही, नंतरची दहाएक मिनिटं काका माझा हात धरून बसले होते, त्यांना वाटलं त्यांच्या नातवाचा आहे.

२-१. शील्ड गेली. बाहेर पडताना गर्दीला घाई करू नको, अर्धा तास बसून राहा, हा खरा कामाचा सल्ला. मी निघालो आणि गेटपाशी चप्पल गेली. दुसऱ्या दिवशी दुपारची गीतांजली, १७ ला सकाळी नागपूर, रामनवमी, पोद्दारेश्वरच्या शोभायात्रेची तयारी चाललेली आणि मी त्यात अनवाणी, कोणीतरी नवस आहे का विचारलं.

मग तीन आठवड्यांनी, ४ मे, त्याच मैदानावर त्यांच्याचशी आयएसएल कपची फायनल, ही शील्डहून वेगळी. सुट्टी नाही, पैसे नाही, आणि खरं सांगू तर परत हरायला कोण जाणार, म्हणून घरी कूलरसमोर बसलो. कमिंग्सने आधी मारला तेव्हा मी स्वतःलाच शाबासकी दिली. मग आपले डियाझ, बिपिन, शेवटी वोयटुश, ३-१ ने आपण जिंकलो. आमच्या ग्रुपवर मी अजूनही पनौती आहे. एक जण तर म्हणतो तुझा जायचा खर्च आम्ही देतो, पण फक्त दुसऱ्या टीमकडून जा.

तेव्हा 'हरलो तर' म्हणून विचार करत असशील तर तिकीट काढून टाक. आपल्याला तर होम मॅच पण आठशे किलोमीटरवर आहे, मग कोलकाता अकराशे काय अन् साडेअकराशे काय.

आणि बर्फीचे दोन डबे घे, एक गोंदियाच्या आत संपतो.