शनिवारचे सहा तास

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांचा आहे, हिंजवडीत नोकरी करतो. तीन वर्षांपूर्वी गाणं शिकायला लागलो, गेल्या वर्षी गाण्याची ‘मध्यमा प्रथम’ परीक्षा पास झालो. रोज दोन तास रियाज करायचा असं दर महिन्याच्या एक तारखेला ठरवतो. चार-पाच दिवस जमतं. मग कधी रिलीज, कधी रात्रीचा कॉल, की मोडलंच. म्हणून आता शनिवारी सलग सहा तास बसतो. पण गुरुजी म्हणतात, आवाज होता तिथेच आहे. शिवाय वर्षभर खर्ज, म्हणजे अगदी खालच्या स्वरांचा रियाज, आणि यमन राग, यापुढे ते सरकतच नाहीत. शिस्त माझ्या स्वभावातच नाही का? की मी सुरुवातच उशिरा केली? — नाव छापू नये, पुणे

उत्तर : माझ्या धाकट्या मुलापेक्षाही लहान आहेस, तेव्हा अरे-तुरे करते. आधी एक सांग, तुझा तंबोरा कुठे असतो? माझा अंदाज, गवसणीत, कपाटावर. म्हणजे स्टूल आणायचं, तो उतरवायचा, गवसणीची नाडी सोडायची, आठवडाभर न लावलेल्या तारा सुरात आणायच्या. एवढं होईपर्यंत दहा मिनिटं जातात आणि तेवढ्यात फोन वाजतो. यात स्वभावाचा काय दोष? आमच्या मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात जाऊन बघ. पटाशी, कानस, जवारी (तारा जिच्यावर टेकतात ती घोडी) घासायचं सामान रात्री जिथे ठेवलं तिथेच सकाळी हाताला लागतं. कारागीर येतो, बसतो, कालचा भोपळा पुढे ओढतो. ‘आज मूड आहे का’ हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही, तोही स्वतःला विचारत नाही.

आता माझी फजिती ऐक. १९८३ साली मी चोवीस वर्षांची होते. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत पेन्सिलीनं रियाजाचे तास लिहायचे. मंगळवारी बुडाले की बुधवारात जमा, बुधवारी जमलं नाही की दोन्ही गुरुवारात. सावकाराच्या वहीसारखी थकबाकी फुगत गेली. एका स्पर्धेआधीच्या रविवारी ती सगळी फेडायला बसले. सात तास. सहाव्या तासाला तार सप्तकातला गंधार फाटायला लागला होता, पण चौकटीत ‘७’ लिहायचं होतं ना! सोमवारी सकाळी दूधवाल्याला ‘अर्धा लिटर’ म्हणायला तोंड उघडलं तर नुसती हवा. स्वरतंतूंना सूज. डॉक्टरांनी तीन आठवडे मौन सांगितलं. स्पर्धा गेलीच, पुढचे दोन महिनेही गेले.

मौन सुटल्यावर माझ्या गुरूंकडे, बुवांकडे गेले. वाटलं होतं रागावतील. ते आत चहा टाकत होते. म्हणाले, “आधणाला उकळी येईपर्यंत नुसता सा लाव. उकळी आली की थांब.” पाच मिनिटंही झाली नसतील. मला अजून गायचं होतं, त्यांनी गाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. महिनाभर माझा रियाज म्हणजे बुवांच्या चहाचं आधण. कालनिर्णयात काय लिहायचं तेच कळेना, म्हणून लिहिणं सुटलं. फार बरं झालं.

तुझ्या शनिवारी नेमकं काय होतं ते बघ. पहिला दीड तास गळा आठवडाभराचा गंज काढतो. दुसऱ्या-तिसऱ्या तासात जरा बरं गातोस. पुढे गळा थकतो आणि थकलेला गळा ओढून, दाबून स्वर लावायच्या सवयी शिकतो. म्हणजे सहा तासांतले तीन तू चुका पक्क्या करण्यात घालवतोस. वर कानाचं वेगळंच. यमनातला तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, घे. सोमवारी तो किंचित खाली लागला, मंगळवारी पंचमाच्या जास्तच जवळ गेला, बुधवारी ‘नि रे ग’ वरून सरळ चढलास आणि जागेवर बसला. हे तुला ऐकू येतं, कारण काल कानात ताजा असतो. मागच्या शनिवारचा मध्यम या शनिवारी कुणाच्या कानात शिल्लक असतो? माझ्या तरी नसतो, आणि मी पन्नास वर्षं गाते आहे.

तर दोन तास विसर. वीस मिनिटं. आंघोळ झाली की, लॅपटॉप उघडायच्या आधी. तंबोरा गवसणीतून काढून खोलीच्या कोपऱ्यात उभा कर, वरून जुनी ओढणी टाक, ऊन लागू देऊ नकोस. मोबाइलमधला तंबोरा प्रवासात ठीक आहे, घरात नको. जोडीच्या दोन तारा एकमेकींत मिळवताना, जवारीचा दोरा केसभर सरकवताना जो कान तयार होतो, तो ॲपचं बटण दाबून होत नाही. मग दहा मिनिटं खर्ज, तुझ्या काळी एकमध्ये (पेटीच्या ज्या पट्टीत तू गातोस तिच्यात) जेवढं खाली सहज जाता येईल तेवढंच. उरलेल्या वेळात यमनाचा एकच तुकडा. रिलीजच्या दिवशी तेही नको. तंबोरा लाव, एक सा लाव, ओढणी टाक आणि जा. एखादा दिवस पूर्ण बुडाला तर बुडाला, त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी करायची नाही. ही एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगते. शनिवारी हवं तर दीड तास बस, पण दोन बैठकांत.

गुरुजींचं म्हणशील, तर सगळेच गुरू दूरदृष्टीनं एका रागावर थांबवतात असं मी म्हणणार नाही. काही कंटाळ्यानंही थांबवतात, मीही कधीमधी थांबवलंय. सरळ विचार त्यांना, “माझ्या यमनात काय कमी आहे?” त्यांनी ‘निषाद कच्चा’ असं काही नेमकं सांगितलं तर गप्प बसून तो पक्का कर. नुसतं ‘अजून वेळ आहे’ म्हणाले तर पुन्हा विचार.

आणि लोक मोठ्या गवयांच्या सोळा-सोळा तासांच्या गोष्टी सांगतात, त्यांनी घाबरू नकोस. भीमसेनजी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहून शिकले, पाणी भरून, घरकाम करून. त्यांचा अख्खा दिवसच गाण्याच्या घरात होता. तुझा दिवस हिंजवडीच्या सिग्नलला असतो.

उशिराचं विचारलंस. थोर गायिका केसरबाई केरकर १८९२ च्या. अल्लादियाखाँसाहेबांकडे त्यांची सलग तालीम सुरू झाली १९२१ मध्ये, म्हणजे आत्ताच्या तुझ्याच वयाला. ती १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत चालली. अर्थात हे उदाहरण अर्धंच घे. बाई लहानपणापासून शिकल्या होत्या. तू केसरबाई होणार नाहीस. मीही झाले नाही. मला रेडिओची बी हाय श्रेणी (रेडिओ गायकांना पारखून देतो ती) मिळाली ती एक्केचाळिसाव्या वर्षी, आणि त्या संध्याकाळी घरी नेहमीचंच पिठलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सा लावला तो आदल्या दिवशीपेक्षा किंचित स्थिर होता, हे मला अजून आठवतं. श्रेणीचं पत्र मात्र कुठे ठेवलं ते सापडत नाही.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. गळा गोड आहे. रियाज पहाटे चारलाच करावा असं आमच्याकडे सगळे सांगतात. तिला उठवलं की रडते. काय करू? — एक आई, बार्शी

उत्तर : झोपू द्या हो तिला. आम्ही पहाटे बसायचो त्याचं निम्मं कारण खाली पिठाची गिरणी होती. साडेसातला ती सुरू झाली की तिचा सूर काळी चारच्या जवळ येऊन अडकायचा आणि माझ्या तंबोऱ्याला कुणी विचारेना. शिवाय दोन खोल्यांत सात माणसं. उठली की बसायला जागा कुठे? पहाटे गळा जड असतो, खर्ज छान लागतो, हे खरं. पण रडून उठलेल्या पोरीला त्याचं काय?

शाळेतून आली, खाऊन अर्धा तास झाला, की पंधरा मिनिटं. रोज त्याच सतरंजीवर, शक्यतो त्याच वेळी. तुम्ही शेजारी मेथी निवडत बसा. छान गायली म्हणून टाळ्या वाजवू नका, आणि चुकली तर मेथीतून मान वर करू नका.