लोनने जागा भर, संघ भरू नकोस

बाळा,

तुझी यादी मिळाली. फुटबॉल टीमच्या पाच नावांपुढे ‘लोन’, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून ठराविक काळापुरता उसना खेळाडू, असं लिहिलंयस: कीपर, दोन्ही सेंटर बॅक (मधले बचावपटू), मिडफिल्डचा एक आणि स्ट्रायकर. पाचही एकाच मोठ्या क्लबच्या रिझर्व्ह, म्हणजे दुसऱ्या फळीच्या, टीममधले. खाली विचारलंयस, ‘सर, कमिटी म्हणते फुकटात मिळतायत, घेऊन टाक. घेऊ का?’

पहिल्याच सीझनला डिव्हिजन टिकवायची, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये न घसरण्याची, जबाबदारी गळ्यात पडली की कोचची काय अवस्था होते, ते मला माहीत आहे. धीर वगैरे देत बसत नाही, त्याची तुला गरजही नाही. थेट सांगतो: दोन घे, पाच घेऊ नकोस. लोनने जागा भर, संघ भरू नकोस. हे वाक्य या पत्रात पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळू नकोस.

मी लोनच्या विरोधात आहे असं माझ्याबद्दल बोललं जातं. ते खरं नाही. लोनचे फायदे मी तुझ्या कमिटीपेक्षा जास्त पाहिलेत. आपल्यासारख्या क्लबकडे एक स्ट्रायकर असतो आणि त्याचा गुडघा गेला की सीझन गेला. अशा वेळी मोठा क्लब एखादा चांगला पोरगा देतो, पगारही बहुतेक तोच भरतो. पोरालाही मॅच मिळतात, ज्या त्याला स्वतःच्या क्लबच्या बेंचवर मिळाल्या नसत्या. इंग्लंडचा स्ट्रायकर हॅरी केन टॉटनहॅमच्या पहिल्या संघात पक्का होण्याआधी लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच आणि लेस्टर अशा चार ठिकाणी लोनवर खेळून आला. मोठ्या क्लबमध्ये राहिलेला आणि मार खाल्लेला खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये आला की आपल्या पोरांना शिस्त कळते. पाणी कधी प्यायचं, वॉर्म-अप किती करायचा, हरल्यावर तोंड कसं ठेवायचं, हे ती त्याच्याकडे बघून शिकतात. हे सगळं मान्य.

पण तू मला फायदे विचारलेले नाहीस. तू विचारलंयस, पाच घेऊ का. म्हणून आता ऐक.

आपल्याच गावातलं उदाहरण घे. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरुवातीला दोन-अडीच महिन्यांची असायची आणि आय-लीग ही देशातली दुसरी लीग वेगळी चालायची. त्यामुळे एकाचा खेळाडू दुसऱ्याकडे लोनवर जाणं सर्रास होतं. बेंगळुरू एफसीचा सुनील छेत्री 2015 साली मुंबई सिटीकडून खेळला. नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली, आयएसएलमध्ये भारतीय खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. मुंबईकरांनी त्याला डोक्यावर घेतलं. 2016 साली तो पुन्हा लोनवर आला, पण तेव्हा बेंगळुरू एएफसी कपमध्ये, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत, पुढे पुढे जात होता. त्या स्पर्धेची फायनल 5 नोव्हेंबरला दोह्यात झाली, आणि आयएसएल तर ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच चालू झाली होती. छेत्री मूळ क्लबसाठी खेळला, आणि ते बरोबरच होतं, तो त्यांचाच खेळाडू होता. पुढच्या वर्षी बेंगळुरू स्वतः आयएसएलमध्ये आला आणि छेत्री कायमचा आपल्या घरी गेला. मुंबई सिटीकडे काय राहिलं? आठवणी.

त्याच 2016 साली त्याच बेंगळुरूकडून कीपर अमरिंदर सिंगही लोनवर आला होता. मुंबई सिटीने त्याला पुढे कायमचा घेतला. 2020-21 ला मुंबई सिटीने लीग टप्प्यात पहिलं येण्याची शील्ड आणि आयएसएलची ट्रॉफी दोन्ही जिंकली तेव्हा कॅप्टन अमरिंदर होता. दोघे एकाच क्लबकडून, एकाच तऱ्हेच्या लोनवर आलेले. फरक एवढाच, की एकाला ठेवून घेता येणार नव्हतं आणि दुसऱ्याला आलं. लोनवर माणूस घेताना पहिला प्रश्न हाच विचार: हा राहू शकतो का? राहू शकत असेल तर लोन म्हणजे ओळख करून घ्यायची संधी. राहूच शकत नसेल, तर तो जाईल त्या दिवशी त्याच्या जागी कोण उभा राहणार त्याचं नाव आजच मला सांग. नाव नसेल तर घेऊ नकोस.

याचं मोठं उदाहरण इंग्लंडमधलं. 2012-13 ला वेस्ट ब्रॉमने चेल्सीकडून स्ट्रायकर रोमेलू लुकाकू लोनवर घेतला. पोराने लीगमध्ये 17 गोल केले, वेस्ट ब्रॉम आठवे आले. सीझन संपला, लुकाकू परत गेला. पुढच्या वर्षी वेस्ट ब्रॉम सतराव्या नंबरवर, म्हणजे खाली जाण्यापासून एक पायरी वर. त्याला दुसरी कारणंही असतील, एका खेळाडूवर सगळं ढकलणं योग्य नाही. पण ते 17 गोल ज्या जागेतून येत होते, ती जागा भरणारा घरात तयार नव्हता, हे तर दिसतंच.

तू म्हणशील, अॅटलेटिको माद्रिदने कीपर कुर्टुआला चेल्सीकडून लोनवर घेऊन तीन वर्षं खेळवलं, 2014 ला लीग जिंकली, चॅम्पियन्स लीगची फायनलही गाठली. खरं आहे. सेमीफायनलमध्ये तो चेल्सीविरुद्धच उभा राहिला, कारण त्याला रोखणारी पैशांची अट यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, मान्य केली नाही. पण त्या उन्हाळ्यात चेल्सीने त्याला परत बोलावल्यावर अॅटलेटिकोने पैसे मोजून दुसरा कीपर, ओब्लाकला आणलं. तुझ्या क्लबकडे नेट बदलायला पैसे नाहीत. तू ओब्लाक कुठून आणणार?

आणि एकाच क्लबचे पाच! इथे मला रागच आला, लपवत नाही. जुलै 2022 पासून फिफाने आंतरराष्ट्रीय लोनवर बंधनं घातली. लोन एक वर्षाच्या वर नाही, लोनवर आलेला खेळाडू पुढे तिसऱ्याला लोनवर द्यायचा नाही, आणि एका सीझनला एकाच क्लबकडून तीनपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. एकूण संख्याही टप्प्याटप्प्याने कमी केली, आता सहा घ्यायचे आणि सहा द्यायचे. एकवीस वर्षांपर्यंतच्या आणि क्लबने स्वतः घडवलेल्या पोरांना त्यातून सूट आहे. प्रीमियर लीगमध्ये तर देशातल्या क्लबांकडून एका वेळी दोनच लोन. हे नियम आपल्या लीगला लागू असोत-नसोत, त्यामागची अक्कल लागू आहे. पाच खेळाडू एका क्लबचे झाले की तुझी टीम त्या क्लबची शाखा होते. त्यांचा कोच बदलला की तुझी अर्धी टीम बदलली. शनिवारी फोन येणार, ‘आमच्या पोराला साठ मिनिटांच्या वर खेळवू नका.’ तू काय उत्तर देणार? काहीच नाही, कारण तो त्यांचाच पोरगा आहे.

मी हे जवळून पाहिलंय. एका क्लबात मी असिस्टंट होतो, नाव लिहीत नाही. कमिटीने सीझनच्या मध्यावर लोनवर लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, आणला. चांगला खेळायचा, उगाच नावं ठेवणार नाही. प्रॅक्टिसला त्याच्या मूळ क्लबची शॉर्ट्स घालून यायचा, संपली की मैदानाच्या कडेला उभा राहून तिकडच्या फिजिओला फोन करायचा. आमचा स्वतःचा लेफ्ट बॅक नायगावच्या चाळीतला. डावा पाय असा, की कॉर्नरच्या झेंड्यापासून टाकलेला चेंडू पेनल्टी स्पॉटवर पडायचा. बुटाचा तळ सुटलेला, दादर स्टेशनबाहेरच्या चांभाराकडून पुढच्या टोकाला दोऱ्याने शिवून घेतलेला. पावसात तो टाका भिजून ढिला पडायचा, म्हणून हाफ टाइमला तो बूट काढून दोरा दाताने ओढून पुन्हा घट्ट करायचा. लोनवाला आल्यावर हाफ टाइमला तो बूट काढेनासा झाला. गरजच उरली नाही.

मी हेड कोचशी भांडलो. मला गप्प बसवलं गेलं. सीझनचे शेवटचे काही सामने उरले आणि मूळ क्लबने आपला लेफ्ट बॅक परत बोलावला, कागदावर तसं कलमच होतं. आम्ही आमच्या पोराला निरोप पाठवला. तोवर तो कुरिअरच्या नोकरीला लागला होता, संध्याकाळी सुटायचा. दोनदा आला, मग नाही आला. तो कुठल्या पातळीवर गेला असता हे मला माहीत आहे, आणि ते मला आजही लागतं. तो वाईट खेळत नव्हता. त्याची जागा भरली होती, एवढंच. म्हणून म्हणतो, जागा भरताना ती कोणाची होती ते आधी बघ.

पुढे मी स्वतः हेड कोच झालो तेव्हा कमिटीने अशीच यादी पुढे केली. मी एक नाव ठेवलं, बाकी खोडली. त्या वर्षी आम्ही खाली गेलो. ‘सरांच्या हट्टाने क्लब बुडाला’ हे तूही ऐकलं असशील, बांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर आजही कोणीतरी म्हणतं. म्हणू दे. खाली गेलेली ती पोरं पुढच्या सीझनला तशीच्या तशी मैदानावर होती. कोणी परत गेलं नाही, कारण परत जायला त्यांना दुसरा क्लब नव्हता. एकमेकांच्या हाका ओळखणारी टीम घेऊन आम्ही परत वर आलो. त्यातले काही आज शाळांतून कोचिंग करतात आणि त्यांची पोरं आपल्या क्लबात खेळायला पाठवतात. उसने पाच घेऊन त्या वर्षी वाचलो असतो, कदाचित. पण मे महिन्यात, सीझन संपल्यावर, माझ्याकडे टीम नसती, फक्त लीगमधली जागा असती. मला आज पुन्हा ती यादी दिली तरी मी तीच नावं खोडीन.

विरजण शेजारून आणायला हरकत नाही, दूध मात्र घरचं हवं. तुझ्या यादीत दूधच शेजारचं आहे.

आता नीट बघ. कीपर तुझा स्वतःचाच ठेव. अमरिंदर कीपरच होता, असं म्हणशील. पण त्याला मुंबई सिटी ठेवून घेऊ शकत होती, तुझ्यापुढे आलेल्या कीपरला त्याचा क्लब सोडणार नाही, हे तूच लिहिलंयस. तुझा कीपर क्रॉसवर, म्हणजे बाजूने गोलपुढे आलेल्या उंच चेंडूवर, कच्चा आहे, मलाही दिसतं. मग रोज प्रॅक्टिसनंतर अर्धा तास त्याला क्रॉस मार. गोल खाईल, शिकेल. त्याच्या डोक्यावर लोनवाला बसवलास तर तो क्रॉसवर कच्चाच राहील, आणि पुढच्या वर्षी तू पुन्हा लोनवर कीपर शोधशील. हे चक्र सुरू झालं की थांबत नाही. क्लबच्या क्लब असे रिकामे होताना मी पाहिलेत.

स्ट्रायकर घे. गोल मारणं महिन्याभरात शिकवता येत नाही, आणि तुझ्याकडे त्या जागेवर खरंच कोणी नाही. दोन सेंटर बॅकपैकी जो वयाने मोठा आहे, तो घे, पण त्याच्या शेजारी तुझा सतरा वर्षांचा पोरगा उभा राहील या अटीवर. त्याने बोलून बोलून पोराला शिकवायचं. मिडफिल्डवाल्याला नको म्हण. तिथे तुझे तिघे आहेत, त्यांना आपसात झगडू दे.

कागदावर सही करण्याआधी हे तपास. परत बोलवायचं कलम आहे का, असेल तर कुठल्या तारखेनंतर बोलावता येणार नाही ते लिहून घे. दुखापत झाली तर तपासणी आणि उपचाराचा खर्च कोणाचा, ते लिहून घे, तोंडी चालणार नाही. आठवड्यातली प्रत्येक प्रॅक्टिस तुझ्याकडे, फक्त मॅचपुरता येणारा खेळाडू नको. अमुक इतक्या मॅच खेळवल्या नाहीत तर क्लबने पैसे भरायचे, अशी अट मोठे क्लब कधी कधी घालतात. ती दिसली तर सही करू नकोस, कारण मग टीम निवडणारा तू राहत नाहीस.

स्ट्रायकरच्या मागे अकॅडमीतला एक पोरगा पहिल्या दिवसापासून लाव. त्याला सांग, हा मेमध्ये जाणार आहे, जागा तुझी आहे, बघत राहा. लोनवाल्यालाही हे समोर बसवून सांग. चांगला खेळाडू असेल तर त्याला राग येणार नाही, तोही कोणाच्या तरी जागेची वाट बघत असतो.

कमिटी चिडेल. फुकट मिळणारे तीन खेळाडू नाकारतोस म्हणून तुझ्या अनुभवाचा विषय काढतील. तिथे वाद घालू नकोस. माझं नाव सांग, म्हणावं सरांनी खोडायला लावली. मीटिंग कधी आहे ते कळव, हवं तर मी स्वतः येतो.

तुझा,
सर