मारहाणीच्या 11 पानांबद्दल

प्रिय पोरी,

ट्रान्स पुरुषावरची, म्हणजे जन्मानं मुलगी ठरलेल्या पण पुरुष म्हणून जगणाऱ्या माणसावरची, तुझी पटकथा दोनदा वाचली. एकदा रात्री एका बैठकीत, एकदा सकाळी पेन्सिल घेऊन. 92 पानांपैकी 11 पानं मारहाणीची आहेत आणि ती तू जीव तोडून लिहिली आहेस. पण तुझा नायक सलूनमध्ये पहिल्यांदा गेला तेव्हा खुर्चीत कसा बसला? पहिला शर्ट कुठून घेतला? मला तो मार खाताना दिसतो, जगताना दिसत नाही. म्हणून हे पत्र.

'बॉईज डोन्ट क्राय' हा सिनेमा पाहिलाय म्हणालीस. पुन्हा पाहा, या वेळी वही घेऊन. ब्रँडन टीना हा अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातला खराखुरा ट्रान्स तरुण. 31 डिसेंबर 1993ला त्याचा खून झाला, तेव्हा तो 21 वर्षांचा होता. दिग्दर्शिका किम्बर्ली पीअर्स विद्यार्थिनी असताना या घटनेनं झपाटली आणि 1999मध्ये, सुमारे 20 लाख डॉलरमध्ये, तिचा सिनेमा आला. तिथल्या मानानं ही अगदी किरकोळ रक्कम. पण बघ, तो सुरू कुठून होतो. केस कापण्यापासून. मग स्केटिंगच्या रिंगणात एका मुलीला भेटायला जाणं. मग धुळीतून पळणाऱ्या गाडीच्या मागे दोरी धरून उभं राहायचा तो वेडा खेळ. ब्रँडन आपटतो, खरचटतो आणि पुन्हा चढतो, कारण 'पोरं' असंच करतात. त्या पडण्यात त्याचा केवढा आनंद आहे! हा आनंद आधी दाखवला म्हणून पुढचं सहन होत नाही.

आणि त्याला संत केलेलं नाही. तो थापा मारतो, खोटे चेक वठवतो. त्याच गुन्ह्यात अटक झाल्यावर त्याचं जन्मनाव गावात फुटलं. तुझा नायक मात्र इतका गुणी आहे की त्याच्यावर अन्याय झाला हे पटवायला तुला त्याचे गुण पुरावा म्हणून लागतात. लागू नयेत.

आता तुझ्या 11 पानांकडे येतो. नाताळच्या रात्री दोघा ओळखीच्यांनी ब्रँडनवर बलात्कार केला. त्यानं तक्रार केली. शेरीफनं, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखानं, त्याला जे विचारलं ते टेपवर आहे: बलात्कार झाला का यापेक्षा 'तू नक्की आहेस कोण' यातच त्याला रस. सिनेमातला तो प्रसंग मला खुनापेक्षा भयंकर वाटतो. आरोपींची नावं हातात असून अटक झाली नाही, आणि सहा दिवसांनी त्याच दोघांनी त्याला मारलं. पुढे ब्रँडनच्या आईनं दावा लावला. खालच्या कोर्टानं 80,000 डॉलरची भरपाई ठरवली, मग त्यातले 85 टक्के खुन्यांच्या खात्यावर टाकून कापले, आणि 1 टक्का ब्रँडनच्याच निष्काळजीपणाबद्दल. एक टक्का! 2001मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयानं ही कपात रद्द केली आणि पोलिसी हलगर्जीची जबाबदारी काउंटीवर, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनावर, टाकली.

तुझ्या पटकथेत पोलीस ठाण्याचा प्रसंग अर्ध्या पानात उरकलाय. तिथे थांब. मारहाणीची सहा पानं काढ आणि तिकडे दे. 2019 साली आपल्याकडे कायदा झाला, त्यात ट्रान्स व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं एवढीच शिक्षा ठेवली होती. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं. हा फरक भाषणात नको. ठाणेदाराच्या आवाजातल्या आळसात येऊ दे.

आणि भाषा. इंग्रजीत 'मी' बोलला तरी तो आहे की ती, हे क्रियापदातून कळत नाही. मराठीत लपायला जागाच नाही. 'मी आलो' म्हणायचं की 'मी आले', हे दिवसातून शंभरदा ठरवावं लागतं. तुझा नायक आईशी बोलताना कुठल्या पानावर 'आले'वरून 'आलो'वर जातो? मला ते पान सापडलं नाही, आणि माझ्या मते तोच तुझ्या सिनेमाचा मध्य आहे. आईला ऐकू येतं, ती पोळी उलटते, काही बोलत नाही. तिकडे त्या शेरीफनं ब्रँडनला निर्जीव वस्तूसारखं 'इट' म्हटलं होतं. आपल्याकडे 'ते आले' म्हटलं की मान, 'ते आलं' म्हटलं की तो वस्तू झाला. एका अनुस्वारात हवालदार माणसाला पुसून टाकू शकतो. हे तुझ्या हातातलं हत्यार आहे आणि ते पीअर्सकडे नव्हतं.

तिच्या सिनेमातली एक गोष्ट मात्र मला कधीच पटली नाही. ब्रँडनचा खून झाला त्या शेतघरात तिघं मारले गेले. तिसरा फिलिप डिव्हाइन, कृष्णवर्णीय तरुण. सिनेमात तो नाहीच. कथा आटोपशीर करायला एक मेलेला माणूस वगळला, तोही कृष्णवर्णीय, हे मोठं अपयश आहे. तूही नायकाच्या खोलीत राहणाऱ्या त्या बार्शीच्या मित्राला मध्येच सोडून दिलंयस. मार त्यालाही बसला होता ना?

भूमिका कोण करणार, ते आत्ताच ठरव. ब्रँडनच्या भूमिकेत हिलरी स्वँकनं जीव ओतला, तिला ऑस्कर मिळालं, पण ती ट्रान्स नव्हती. 2016मध्ये एका कॉलेजात विद्यार्थ्यांनी पीअर्सला फार वाईट शब्दांत हिणवलं. त्या शब्दांचं मी समर्थन करणार नाही, पण त्यांच्या दुखण्यात तथ्य होतं. 'ट्रान्स नट मिळत नाही' ही 1999ची अडचण आज तुला सांगता येणार नाही. ट्रान्स पुरुष शोध, त्याला पटकथा वाचायला दे, आणि तो जिथे अडेल तिथे तू वाद घालू नकोस.

सेन्सॉरची भीती लिहिली आहेस. तिथेही हेच झालं होतं. पीअर्सनं नंतर सांगितलं की तिथल्या रेटिंग मंडळाचा आक्षेप प्रेमप्रसंगातल्या मुलीच्या सुखावर होता, डोक्यात झाडलेल्या गोळीवर नाही. तेव्हा प्रेमाचा प्रसंग भीतीपोटी आधीच कापू नकोस. कापायचंच असेल तर त्यांना कापू दे.

आधी सलूनचा प्रसंग लिही. तेवढाच पाठव, बाकी नंतर.

तुझा,
सर